गाडीची बॅटरी घडीघडी उतरते? नवी घेण्याआधी हे तपासा, आणि चार्जर कापसापासून दूर ठेवा

लक्षण सगळीकडे सारखंच. गाडी आठ दिवस शेडमध्ये उभी राहते, सकाळी चावी फिरवली की नुसतं टक-टक-टक. डॅशबोर्डचे दिवे मंदावतात, सेल्फ घेत नाही. मग घरचा ट्रॅक्टर पुढे आणून वायर जोडायची, गाडी सुरू करायची, तालुक्याला चक्कर मारून आणायची. आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मेकॅनिक बॉनेट उघडून सांगतो, "भाऊ, हे बॅटरीच गेली तुमची. नवी टाकून घ्या." नवी टाकली की काही महिने बरे जातात. मग पुन्हा टक-टक-टक.

नवी बॅटरीसुद्धा अशी उतरत असेल तर दोष बॅटरीचा नाही. एक तर ती पुरती भरतच नाही, नाही तर गाडी बंद असताना एखादी वस्तू तिच्यातला करंट ओढत राहते, नाही तर आपल्या विदर्भातल्या उन्हानं ती आतून वाळली आहे. बहुतेक वेळा यातली दोन कारणं एकत्र असतात. कारण न शोधता नवी बॅटरी टाकत राहिलं तर पैसे जातात, हे तर आहेच. पण मला जास्त काळजी दुसऱ्या गोष्टीची वाटते. ज्या उघड्या, बिनफ्यूजच्या वायरीमुळे बॅटरी उतरते, तीच वायर एखाद्या दिवशी पेटते. आणि उतरलेली बॅटरी चार्ज करायला आपण जिथं लावतो, त्याच शेडमध्ये आपला कापूस असतो, कुटार असतं, डिझेलचा कॅन असतो. म्हणून हे दोन्ही विषय एकत्रच लिहितो आहे.

आधी माप घ्या

तालुक्याच्या कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात साधा डिजिटल मल्टीमीटर मिळतो. तो घरी ठेवा. मोटारपंपाच्या कामालाही येतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, दार उघडण्याआधी शक्य असेल तर, मीटर डीसी २० व्होल्टवर लावून बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवर माप घ्या. १२.६ किंवा त्याहून जास्त म्हणजे बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या आसपास आली म्हणजे जेमतेम पाव उरली. लोकांना वाटतं की बारा व्होल्टची बॅटरी बारा दाखवते म्हणजे ठीक आहे. ते ठीक नाही.

मग कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आपण मीटरकडे पाहा. सेल्फ फिरत असताना आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी रिकामी आहे, किंवा कमजोर झाली आहे. गाडी सुरू झाली की इंजिन जरा वाढवून हेडलाइट आणि एसी लावा आणि पुन्हा मोजा. १३.८ ते १४.५ दिसलं तर अल्टरनेटर, म्हणजे आपल्याकडे ज्याला अजून डायनामोच म्हणतात, तो नीट भरतो आहे. १३ च्या खाली राहिलं तर भरत नाही: बेल्ट ढिला असेल, ब्रश झिजले असतील किंवा वायरीचा जोड खराब असेल. नव्या काही गाड्यांत संगणक हा आकडा मुद्दाम कमी-जास्त करतो, म्हणून एकाच मापावर निकाल देऊ नका.

आकडा १५ च्या वर जात असेल तर मात्र गाडी तशीच चालवू नका. रेग्युलेटर (अल्टरनेटरचा व्होल्टेज आवरणारा भाग) गेला की बॅटरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होते, आतलं पाणी उकळल्यासारखं उडून जातं, डबा फुगतो आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. असा वास आला की गाडी मोकळ्यात उभी करा, इंजिन बंद करा आणि बॅटरी थंड होईपर्यंत तिला हात लावू नका.

मापं घेण्याआधी टर्मिनल मात्र पाहून घ्या, कारण अर्ध्या तक्रारी तिथंच मिटतात. टर्मिनलवर पांढरा-निळसर थर जमला असेल, किंवा क्लॅम्प हातानं हलत असेल, तर चांगली बॅटरीही सेल्फ फिरवू शकत नाही. आधी काळी वायर काढा, मग लाल. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून जुन्या ब्रशनं घासा, ते पाणी झाकणांतून आत जाऊ देऊ नका, कोरडं पुसा. लावताना आधी लाल, शेवटी काळी. वरून व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा. हा क्रम उगाच नाही. काळी वायर जोडलेली असताना लाल टर्मिनलचा पाना चुकून गाडीच्या बॉडीला टेकला, तर शेकडो अँपिअरचा शॉर्ट होतो, पाना लालभडक होतो आणि हात भाजतो. हातातली अंगठी, कडं, घड्याळ आधी काढून ठेवा.

गाडी उभी असताना करंट कोण ओढतं?

गाडी बंद असली तरी घड्याळ, सेंट्रल लॉक, अलार्म आणि इंजिनचा संगणक थोडा करंट घेतातच. २० ते ५० मिलिअँपिअर हे नेहमीचं. ४० मिलिअँपिअर धरले तर दिवसाला जवळपास एक अँपिअर-तास जातो. ४५ एएचची, म्हणजे ४५ अँपिअर-तासांची बॅटरी असेल तर निर्दोष गाडीसुद्धा तीन आठवडे उभी राहिली की अर्धी रिकामी होते. आता त्यात जीपीएस ट्रॅकर, डॅशकॅम आणि म्युझिकचा अ‍ॅम्प्लिफायर बसवा, तोही चावीच्या नाही तर थेट बॅटरीच्या लाइनवर. ओढ ४०० मिलिअँपिअरवर गेली तर तीच बॅटरी अडीच दिवसांत अर्धी होते. मृगात पेरणीची घाई असते, दिवाळीनंतर वेचणी असते, त्या दिवसांत गाडी हलत नाही आणि सगळं नेमकं तेव्हा उघडं पडतं.

ओढ मोजायला मीटर १० अँपिअरच्या भोकात लावा. बॅटरीची काळी वायर काढून ती वायर आणि काळं टर्मिनल यांच्या मध्ये मीटर जोडा. गाडीचा संगणक झोपी जायला अर्धा तास लागतो, तोवर थांबा; दारं बंद ठेवा, बॉनेटचं कुलूप पेचकसनं दाबून बंद करून ठेवा, नाही तर बॉनेटचा स्विच गाडीला जागं ठेवतो. मीटर जोडलेला असताना चावी फिरवू नका, मीटरचा फ्यूज जाईल. आकडा ५० मिलिअँपिअरहून बराच जास्त असेल तर फ्यूज बॉक्समधले फ्यूज एकेक करून काढा. ज्या फ्यूजला आकडा धपकन खाली येतो, त्या लाइनवर चोर आहे. सगळे फ्यूज काढूनही आकडा खाली येत नसेल तर दोनच शक्यता उरतात: अल्टरनेटरचा डायोड (करंट उलटा जाऊ न देणारा भाग) गळतो आहे, नाही तर कोणी तरी वस्तू थेट बॅटरीवरून, फ्यूज बॉक्सला वळसा घालून जोडली आहे.

आपल्या भागात ही दुसरी शक्यताच जास्त. वावराच्या रस्त्यावर उजेड हवा म्हणून बंपरवर जास्तीचे दिवे लागतात. तीन-चार वर्षं जुन्या गाडीचं बॉनेट उघडून बॅटरीच्या लाल क्लॅम्पकडे नीट पाहा. मूळ जाड वायरीशेजारी तीन-चार बारीक वायरी नटाखाली वेटोळ्या घालून दाबलेल्या दिसतील. त्यातली एक चिकटपट्टी गुंडाळून ग्रिलकडे जाते आणि जाताना रेडिएटरच्या पत्र्याच्या कडेला घासते. त्या जागी वरचं आवरण चकाकतं, मग चपटं होतं, मग आतली तांब्याची तार दिसते. तार दिसली आणि पत्र्याला टेकली की मध्ये फ्यूज नसल्यामुळे बॅटरीचा सगळा करंट त्या बारीक तारेतून वाहतो. तार तापून लाल होते, आवरण पेटतं आणि वर बॉनेटचं अस्तर पेट घेतं. गाडी तेव्हा शेडमध्ये नुसती उभी असते, चावी खिशात असते.

म्हणून बॅटरीवरून जाणाऱ्या प्रत्येक लाल वायरीला बॅटरीपासून वीतभराच्या आत फ्यूज हवाच. तो दिव्याच्या टोकाला लावून उपयोग नाही, कारण मधली सगळी वायर उघडीच राहते. ५५ वॉटचे दोन हॅलोजन मिळून साधारण ९ अँपिअर घेतात, त्यांना निळा १५ अँपिअरचा फ्यूज आणि रिले (मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावा. मूळ हेडलाइटच्या जागी १००/९० वॉटचे बल्ब टाकायची हौस सोडा. कंपनीची वायर आणि होल्डर तेवढ्या करंटसाठी नसतात, होल्डर वितळतो. फ्यूज वारंवार जात असेल तर तो आपलं काम करतो आहे असं समजा. त्याच्या जागी पिवळा २० चा, हिरवा ३० चा किंवा सिगारेटची चांदी लावणं म्हणजे आग लागायची वाट मोकळी करणं.

उंदीर

यावर वेगळं लिहायलाच हवं. कापूस घरात आला की त्यातल्या सरकीच्या वासानं उंदीर आणि घुशी शेडमध्ये येतात. हिवाळ्यात गरम इंजिनवर बसायला त्यांना आवडतं. वायरीचं आवरण कुरतडतात ते एक. पण कापसाचे बोळे ओढून आणून इंजिनवर घरटं करतात, ते जास्त धोक्याचं. एक्झॉस्टच्या पाइपाशेजारी कापसाचा बोळा आणि कुरतडलेली वायर एकत्र आली की पुढचं सांगायला नको. वेचणी सुरू झाल्यापासून होळीपर्यंत आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून टॉर्चनं आत पाहा, बॅटरीच्या ट्रेखालीसुद्धा. लोक तंबाखूची पानं, डांबरगोळ्या ठेवतात. ठेवा, पण वास उडाला की उंदीर परत येतात. त्यावर विसंबून बॉनेट उघडायचं सोडू नका.

ऊन आणि पाणी

मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा, नागपूर इथं पारा ४५ च्या पुढं जातो. टिनाच्या शेडखाली आणि बॉनेटच्या आत त्याहून कितीतरी जास्त. तापमान १० अंशांनी वाढलं की बॅटरीच्या आतली झीज ढोबळमानानं दुप्पट होते. थंड प्रदेशात पाच वर्षं चालणारी बॅटरी आपल्याकडे तीन वर्षांत थकली तर त्यात नवल नाही. फसवणारी गोष्ट ही की उन्हाळ्यात झालेलं नुकसान उन्हाळ्यात दिसत नाही. गरमीत इंजिन हलकं फिरतं, कमजोर बॅटरीही निभावून नेते. पावसाळ्यात किंवा थंडीच्या पहिल्या सकाळी ती हात टेकते आणि आपण थंडीला दोष देतो.

झाकणं असलेली बॅटरी असेल तर नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायच्या आधी पाण्याची पातळी पाहा, उन्हाळ्यात दर महिन्याला पाहा. पाहताना बिडी-काडी लांब ठेवा, मोबाइलच्या टॉर्चनं पाहा. आतल्या पट्ट्या पाण्यात बुडालेल्या हव्यात, डब्यावरच्या वरच्या खुणेच्या पुढं भरायचं नाही. फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचं. विहिरीचं, बोअरचं, आरओचं, एसीच्या नळीतून गळणारं, यातलं कोणतंही चालत नाही. सगळ्यांत क्षार किंवा धातूचे कण असतात. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात राहणाऱ्यांनी तर हे विशेष लक्षात ठेवावं. जे पाणी जमिनीला सोसत नाही ते बॅटरीला काय सोसणार? अ‍ॅसिड वरून कधीच घालायचं नाही. उडतं ते पाणी, अ‍ॅसिड आतच राहतं.

एखाद्याच कप्प्यातलं पाणी सारखं कमी होत असेल तर तो कप्पा खराब होत आला आहे. सगळ्याच कप्प्यांतलं झपाट्यानं कमी होत असेल तर वर सांगितलेला १५ व्होल्टचा प्रकार तपासा.

"पण मी रोज गाडी सुरू करतो ना?"

हा प्रश्न नेहमी येतो. गाडी जागेवर पाच मिनिटं सुरू ठेवून बॅटरी भरत नाही. सेल्फला करंट खूप लागतो, पण तो दोन-तीन सेकंदच, त्यामुळे तेवढा खर्च थोड्या वेळात भरून निघतो. खरा तोटा असतो तो उभ्या गाडीनं आठवडाभर गमावलेल्या करंटचा. तो भरून यायला रस्त्यावर तासभर तरी सलग चालवावी लागते, आणि बरीच उतरली असेल तर चार्जरच लागतो. गावातून फाट्यावर आणि फाट्यावरून गावात, वर एसी आणि मोबाइलचं चार्जिंग, यात बॅटरी कायम अर्धवटच राहते. अर्धवट राहिलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कडक खडे जमतात आणि ते पुढे चार्ज करूनही विरघळत नाहीत. नवी बॅटरी काही महिन्यांत जाते ती अशी. आठवड्यातून एकदा गाडी लांब फिरवा. पंधरा-वीस दिवस हलणारच नसेल तर काळी वायर काढून ठेवा. घड्याळ आणि रेडिओ पुन्हा लावावा लागेल, तेवढं चालतं.

ट्रॅक्टरवरून सुरू करताना

बहुतेक ट्रॅक्टर १२ व्होल्टचे असतात, त्यामुळे चालतं. ट्रक २४ व्होल्टचा, त्यावरून कारला कधीही जोडू नका. मोटारपंपाची वायर तोडून काम भागवू नका, ती तापते; जाड जंपर केबलच वापरा. दोन्ही इंजिनं बंद ठेवा, गाड्या एकमेकींना टेकू देऊ नका. लाल चिमटा आधी उतरलेल्या बॅटरीच्या लालला, दुसरा लाल ट्रॅक्टरच्या लालला, काळा ट्रॅक्टरच्या काळ्याला. राहिलेला शेवटचा काळा चिमटा उतरलेल्या बॅटरीवर लावायचा नाही. तो तिच्यापासून लांब, इंजिनच्या एखाद्या उघड्या लोखंडी भागाला लावायचा. शेवटचा चिमटा लावताना ठिणगी उडतेच, आणि ती बॅटरीच्या तोंडाशी उडायला नको. सगळं जोडून झालं की ट्रॅक्टर सुरू करा, काही मिनिटं जाऊ द्या, मगच कारचा सेल्फ मारा. काढताना बरोबर उलट क्रम. फुगलेल्या, तडकलेल्या किंवा गळणाऱ्या बॅटरीवर हा प्रयोग करायचाच नाही.

ठिणगीची एवढी भीती का, ते सांगतो. चार्ज होताना लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत त्याचं प्रमाण ४ टक्के झालं की तो पेट घेऊ शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. स्फोट झाला तर डबा फुटून गंधकाचं अ‍ॅसिड तोंडावर उडतं. डोळ्यात गेलं तर त्या क्षणी स्वच्छ पाण्यानं धुवायला सुरुवात करा, पंधरा-वीस मिनिटं धूत राहा, मग दवाखाना. आधी दवाखाना आणि मग पाणी, असा उलटा क्रम केला तर डोळा जातो. बॅटरीजवळ काम करताना फवारणीचा चष्मा घाला, तो घरात असतोच.

शेड, कापूस आणि चार्जर

आता खरा मुद्दा. शहरात गाडीची जागा म्हणजे फक्त गाडीची. आपल्याकडे टिनाच्या एकाच शेडखाली गाडी, एका भिंतीला भाव वाढायची वाट पाहणारा कापूस, दुसऱ्या बाजूला कुटाराची पोती किंवा कडबा, बाहेर पऱ्हाट्या-तुराट्यांचा ढीग, मागं कोठा आणि कोठ्यात बैल-गाय बांधलेली. कोपऱ्यात डिझेल, फवारणीची औषधं, इन्व्हर्टर. फवारणी पंपाची बॅटरी कुटाराच्या पोत्यावर ठेवून चार्जिंगला, तिची वायर एक्स्टेंशन बोर्डाला, आणि तो बोर्ड आडव्या बल्लीला लटकलेला. हे चित्र मी घरोघर पाहतो आणि दर वेळी बोलतो. उत्तर ठरलेलं असतं, "इतके दिस काई नाई झालं ना बाप्पा." झालं नाही, हे खरं आहे. पण ज्या घरात झालं, त्या घरातही आदल्या दिवसापर्यंत काही झालेलं नव्हतं.

कापसाची आग वेगळी असते. ठिणगी पडली तर ती वरच्या वर जळून विझत नाही, गंजीच्या आत शिरते आणि धुमसत राहते. वरून पाणी मारलं तर वरचा थर ओला होतो, आत विस्तव तसाच. तासाभरानं, रात्रीतून, पुन्हा भडका. म्हणून कापूस आणि चार्जर एका छताखाली नकोतच. जागा नाही म्हणणाऱ्यांनी निदान एवढं करावं: चार्जिंगची जागा अंगणात, ओट्यावर, सिमेंटच्या किंवा फरशीच्या जमिनीवर ठरवावी, वर सावली हवी आणि चहूबाजूंनी मोकळं. आजूबाजूला दहा-बारा फुटांत पेटण्यासारखं काही नको. शेडमध्येच करावं लागलं तर दार उघडं ठेवा आणि वरच्या बाजूला हवा जायला वाट करा. हायड्रोजन हवेपेक्षा हलका असतो, तो टिनाखाली जाऊन साचतो. खालची खिडकी उघडून तो बाहेर जात नाही.

चार्जर किती अँपिअरचा हवा? बॅटरीच्या एएचचा साधारण दहावा भाग. ४५ एएचला ४ ते ५ अँपिअर, दहा-बारा तास. जुने जड ट्रान्सफॉर्मरवाले चार्जर स्वतःहून बंद होत नाहीत. लाइन रात्री केव्हा येईल याचा भरवसा नसतो, म्हणून लोक चार्जर लावून झोपतात. मध्यरात्री लाइन आली की तो सुरू होतो, आणि सकाळपर्यंत, कधी दुपारपर्यंत बॅटरी उकळत राहते. आपोआप बंद होणारा चार्जर घ्या, थोडा महाग पडतो पण एका बॅटरीच्या पैशात निघतो. झोपायच्या आधी प्लग काढा. चिमटे आधी बॅटरीला लावा, मग बटण सुरू करा. काढताना आधी बटण बंद, मग चिमटे. झाकणांची बॅटरी असेल तर झाकणं सैल करून ठेवा. सीलबंद असेल तर ती उघडायचा प्रयत्न करू नका.

घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मोठ्या ट्यूब्युलर बॅटरीलाही हे सगळं लागू आहे. देवघराशेजारी, जिथं रोज निरांजन लागतं, तिथं ती ठेवलेली मी पाहिली आहे. ती हलवा.

ई-स्कूटर आणि लिथियम

अलीकडे गावातही ई-स्कूटर आल्या, फवारणी पंपांतही लिथियमचे पॅक येऊ लागले. यांचं दुखणं हायड्रोजनचं नाही. पॅकमधला एक सेल आतून शॉर्ट झाला, पडून चेपला, पाण्यात भिजला किंवा चुकीच्या चार्जरनं जास्त भरला, की तो स्वतःच तापू लागतो. तो शेजारच्या सेलला तापवतो, तो त्याच्या पुढच्याला. ही साखळी सुरू झाली की प्लग काढूनही थांबत नाही. २०२२ साली देशात ई-स्कूटरना अशा बऱ्याच आगी लागल्या. त्याच वर्षी वसईत रात्री घरात चार्जिंगला लावलेल्या बॅटरीनं एका लहान मुलाचा जीव घेतला. त्यानंतर केंद्रानं ई-गाड्यांच्या बॅटरीच्या सुरक्षेसाठी असलेल्या एआयएस-१५६ या मानकाच्या अटी वाढवल्या, त्या डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. स्कूटर घेताना दुकानदाराला बॅटरी या वाढीव अटींनुसार आहे का, हे विचारा. जुनी स्वस्तात मिळाली तर ती कधीची आहे तेही पाहा.

उन्हातून आणलेली स्कूटर लगेच चार्जिंगला लावू नका, तासभर सावलीत थंड होऊ द्या. तिच्यासोबत आलेलाच चार्जर वापरा. दुसऱ्या कंपनीच्या चार्जरची पिन बसली म्हणजे तो चालतो असं नाही. पॅक फुगला, गोडसर किंवा औषधासारखा वास आला, हिस्स असा आवाज आला, तर तो त्या क्षणापासून घराबाहेर. झोपायच्या खोलीत, दाराच्या वाटेत, जिन्याखाली चार्जिंग नको. आग लागली तर बाहेर पडायची वाटच बंद होते.

पेटलंच तर

१०१ किंवा ११२ लावा, पण गावात अग्निशमनची गाडी तालुक्याहून येते, तोवर पहिली काही मिनिटं आपलीच असतात. आयएसआय खुणेचं चार-सहा किलोचं एबीसी पावडरचं अग्निशामक शेडच्या दाराजवळ, बाहेरच्या बाजूला टांगा. आतल्या कोपऱ्यात ठेवलं तर आगीच्या पलीकडे राहील. काटा हिरव्यावर आहे का, ते दर महिन्याला पाहा. शेजारी वाळूच्या दोन बादल्या. घरातल्या बायकांना आणि कामावरच्या गड्यालाही ते उघडून दाखवा, कारण दुपारी घरी तेच असतात.

बॉनेटमधून धूर आला तर इंजिन बंद करा, सगळ्यांना उतरवा. बॉनेट पूर्ण उघडू नका. वारा आत शिरला की भडका तोंडावर येतो. नुसता खटका ओढून फटीतून पावडर मारा. दोन-चार सेकंदांत आवरलं नाही तर मागं हटा. चार्जरला आग लागली तर आधी मेन स्विच बंद, तोवर पाणी नको. डिझेल-पेट्रोलवर पाणी मारलं तर ते पसरतं. लिथियमच्या पॅकला मात्र थंड करायला भरपूर पाणीच लागतं, लाइन तोडल्यावर आणि लांबून. पावडरनं ज्वाळा दबतात, आतली उष्णता दबत नाही. त्याचा धूर विषारी असतो, वारा जिकडून येतो त्या बाजूला उभे राहा. विझलेला पॅक काही तासांनी पुन्हा पेटू शकतो, म्हणून तो उघड्या जागी, सगळ्यापासून लांब ठेवा. कापसाला झळ लागली असेल तर गंजी फोडून कापूस बाहेर पसरवा आणि आतला एकेक गरम गोळा भिजवा. आणि सगळ्यांत आधी कोठ्यातल्या जनावरांची दावी सोडा.

मग नवी केव्हा घ्यायची?

टर्मिनल साफ आहेत, अल्टरनेटर नीट भरतो, उभ्या गाडीची ओढ ५० मिलिअँपिअरच्या आत आहे, बॅटरी चार्जरवर पूर्ण भरली, आणि तरीही काळी वायर काढून ठेवलेली बॅटरी दुसऱ्या दिवशी सकाळी १२.४ च्या खाली दाखवते. तेव्हा बॅटरी खरंच गेली. डबा फुगला असेल तर मोजायचीही गरज नाही. नवी घेताना डब्यावरचा बनवल्याचा महिना-वर्ष पाहा. दुकानात सहा महिने धूळ खात पडलेली घेऊ नका. एएच कंपनीनं सांगितलेलाच घ्या. बसवल्यावर ती ट्रेमध्ये पट्टीनं घट्ट आवळली आहे का, ते हातानं हलवून पाहा. वावराच्या रस्त्यानं हिसके बसून बॅटरीच्या आतल्या पट्ट्या तुटतात, आणि सैल बॅटरीचं लाल टर्मिनल बॉनेटला टेकलं की थेट शॉर्ट. लाल टर्मिनलवरची रबरी टोपी फेकून देऊ नका. वॉरंटी कार्डावर तारीख आणि दुकानाचा शिक्का तिथंच मारून घ्या.

जुनी बॅटरी त्याच दुकानात परत द्या, तिचे पैसे वजा होतात. ती फोडून शिसं काढणाऱ्या भंगारवाल्याला देऊ नका. ते अ‍ॅसिड शेवटी कोणाच्या तरी नाल्यात जातं. शेडमध्ये कापसाशेजारी तर मुळीच ठेवू नका. मेलेली वाटणारी बॅटरीही पाना पडला तर ठिणगी देण्याइतकी जिवंत असते.